पाहुण्या संघाचा दौरा अडवावा का? (न्यूझीलंड, १९८१)

नांदेडी_निवांत

नमस्कार मंडळी.

सध्या लेकीकडे मुक्काम आहे, न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला. जावई रग्बीवेडा. शनिवारी घरात दुसरा विषय निघत नाही. आपण नांदेडची माणसं, कबड्डी-कुस्ती कळते, क्रिकेट कळतं असं आपल्याला वाटतं. रग्बीचं म्हणाल तर अजूनही कुणी कुणाला का पाडलं हे जावयाला विचारावं लागतं. पण इथं एक जुनी भानगड कानावर आली आणि ती डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

१९८१ साली दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ, म्हणजे स्प्रिंगबॉक्स, इथं दौऱ्यावर आला होता. तिकडं वर्णभेद पुऱ्या जोरात. २५ जुलैला याच हॅमिल्टनमध्ये वायकाटोच्या संघाशी त्यांचा सामना होता. मैदान खच्चून भरलेलं. सामना सुरू व्हायच्या आत साडेतीनशेच्या आसपास निदर्शक कुंपण पाडून आत घुसले आणि मैदानाच्या मधोमध हातात हात अडकवून उभे राहिले. पोलीस एकेकाला उचलायला लागले. तेवढ्यात खबर आली की एकानं छोटं विमान पळवलंय आणि ते मैदानाकडं निघालंय. मग सामनाच रद्द केला. तिकीट काढून बसलेले लोक इतके भडकले की निदर्शक बाहेर पडताना त्यांच्यावर बाटल्या आणि डबे फेकले.

आमच्या शेजारचे आजोबा त्या दिवशी प्रेक्षकांत होते. त्यांची सख्खी बहीण मैदानात, निदर्शकांत. आज दोघंही ऐंशीच्या घरात आहेत, येणं-जाणं आहे, पण ख्रिसमसच्या जेवणाला १९८१ चा विषय काढायचा नाही असा घरातला कायदा आहे.

तर प्रश्न असा: खेळायला आलेल्या पाहुण्यांना असं अडवणं बरोबर की चूक? आणि अडवायचंच तर कुणी? सरकारनं, लोकांनी, की खेळाडूंनी स्वतःच?

---

उदगीरवाला

निवांतराव, तिकडं जाऊनबी धागे काढलालाव का? आदी हे सांगा, ज्वारीचं पीठ मिळलालंय का तिथं?

---

नांदेडी_निवांत

मिळतं हो. भाकरी मात्र तव्यावर रुसून बसते. विषयावर या.

---

मांजरा_पट्टा

माझं मत सरळ आहे. खेळात राजकारण आणू नये.

खेळाडूची कारकीर्द किती वर्षांची असते? पोरगं दहाव्या वर्षापासून घाम गाळतं, पंचविशीत देशाकडून खेळायची संधी येते आणि ऐन वेळी कुणीतरी मैदानात घुसून म्हणतं, "आमचा तत्त्वाला विरोध आहे." अरे, मग त्या देशाशी व्यापार बंद करा, तेल बंद करा. ते कुणी करत नाही. खेळाडू मात्र सगळ्यात सोपा बकरा. शिवाय ज्यांनी पैसे देऊन तिकीट काढलं त्यांनी काय पाप केलं होतं? आपल्याकडं गावाच्या जत्रेत कुस्त्यांचा फड उधळला तर उधळणाऱ्याला कुणी हार घालतं का?

आणि पाहुणा दारात आल्यावर त्याला हाकलायची आपली तरी रीत नाही.

---

दुष्काळी_ढग

खुर्ची टाकून बसलो आहे. शेंगदाणे भाजायला ठेवलेत. चालू द्या.

---

अजिंठ्याची_वाट

मांजरा_पट्टा, "राजकारण आणू नये" हे वाक्य १९८१ च्या साठ वर्षं आधी दक्षिण आफ्रिकेला ऐकवायला हवं होतं. राजकारण मैदानात कुणी आणलं ते बघा.

न्यूझीलंडचे माओरी हे तिथले मूळचे लोक आणि रग्बीतले एकाहून एक खेळाडू. जॉर्ज नेपिया हे नाव तिथं आजही आदरानं घेतात. १९२४-२५ च्या ब्रिटन दौऱ्यात न्यूझीलंड एकही सामना हरलं नाही आणि हा एकोणीस वर्षांचा पोरगा त्या दौऱ्यातला एकूण एक सामना खेळला. सगळे ३२! बाकीच्यांना आलटून पालटून विश्रांती मिळाली, याला नाही. आणि १९२८ ला संघ दक्षिण आफ्रिकेला निघाला तेव्हा नेपिया घरी. का? यजमानांना माओरी चालत नव्हते. १९४९ ला तेच, १९६० ला तेच. १९६० मध्ये न्यूझीलंडमधल्या दीड लाखाहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या की माओरी नाहीत तर दौराही नको. तरी संघ गेलाच.

१९७० ला दक्षिण आफ्रिकेनं माओरी खेळाडू येऊ दिले. कसे? "मानद गोरे" म्हणून! म्हणजे तुझ्या कातडीचा रंग आम्ही तीन महिन्यांपुरता माफ करतो. पाहुण्याचा विषय काढलात म्हणून विचारतो, जो पाहुणा तुमच्या घरी जेवायला येतो, पण त्याच्या घरी गेलं की तुमच्या धाकट्या भावाला पंगतीतून उठवतो, त्याला पुन्हा पाट मांडाल का?

पुढचं ऐका. १९७६ च्या जूनमध्ये सोवेटोत शाळकरी पोरांवर गोळ्या चालल्या, आणि त्याच महिन्याअखेरीस न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेत जाऊन उतरला. याचा राग म्हणून वीसहून जास्त देशांनी, बहुतेक आफ्रिकेतल्याच, माँट्रियल ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. न्यूझीलंडला ऑलिम्पिकमधून काढा अशी त्यांची मागणी होती. रग्बी तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हतंसुद्धा. एका रग्बी दौऱ्यापायी आफ्रिकेतल्या धावपटूंची चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली. तुमच्या त्या "कारकिर्दीच्या" हिशोबात ही पोरं धरलीत का?

---

मांजरा_पट्टा

पंगतीचा मुद्दा पटला. पण तो खेळाडूंना आणि संघटनेला लागू होतो. ज्याला जायचं नाही त्यानं जाऊ नये. दुसऱ्याचा सामना बंद पाडायचा हक्क त्यातून निघत नाही.

---

खामकाठ

मी संभाजीनगरला शाळेत खेळ शिकवते. रग्बी शिकवते, हो, इथंच. आमच्याकडं मुलींचा संघ आहे.

वादात नंतर पडते, आधी उदगीरवाल्यांसारख्यांसाठी थोडक्यात. एका बाजूला पंधरा जण. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि पलीकडच्या रेषेमागं जमिनीला टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात. आज ट्रायला ५ गुण मिळतात, १९८१ मध्ये ४ मिळायचे. हातानं पास फक्त मागं द्यायचा, पुढं नाही. बस, एवढ्यावर सामना बघता येतो. शाळेत आम्ही बहुतेक सातजणींचा खेळतो, कारण पंधरा मुली आणि त्यांचे पंधरा पालक एका वेळी राजी करणं अवघड.

आमच्याकडच्या निम्म्या मुली कबड्डीतून आलेल्या. पकड त्यांना उपजत येते, पण सवय घोटा धरायची. इथं दोन्ही हातांची मिठी मारून पाडावं लागतं, नुसता पाय अडकवला की चूक, खांद्याच्या वर हात गेला तरी चूक. म्हणून पहिले कित्येक दिवस चेंडूच देत नाही. फक्त पडायला शिकवते. गुडघ्यावर बसून, डोकं समोरचीच्या मागल्या बाजूला ठेवून, खांदा तिच्या मांडीला लावून. डोकं पुढं राहिलं तर तिचा गुडघा थेट कानशिलात बसतो. मैदान काळ्या मातीचं, उन्हाळ्यात भेगा पडलेल्या. लांबोडा चेंडू भेगेवर आपटला की कुठं उसळेल हे तोच जाणे.

---

उदगीरवाला

ताई, म्हंजे ह्यो खेळ आमच्या गल्लीत रोज चाललालाय की. निस्ता चेंडू नाही.

---

जालना_मोंढा

खामकाठ ताई, एक विचारतो, राग मानू नका. या खेळाचं सर्टिफिकेट नोकरीला चालतं का? ५ टक्के क्रीडा आरक्षणात? पुतणीसाठी विचारतोय. ठेंगणी आहे पण धडकली तर माणूस उठत नाही.

---

खामकाठ

पात्रता स्पर्धेच्या दर्जावर ठरते, आणि शासन निर्णय बदलत असतात, तेव्हा जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन ताजा निर्णय वाचूनच ठरवा. कुणी "सर्टिफिकेट मी काढून देतो" म्हणालं तर मात्र उलट पावली परत या. आमच्या एका मुलीला अशाच एकानं गंडवलं. पडताळणीत कागद खोटा निघाला आणि खरा खेळलेला खेळही संशयात आला. पुतणीला पाठवा. ठेंगण्या मुली चांगल्या पकडी करतात.

---

दुष्काळी_ढग

अवांतर: दक्षिण आफ्रिकेवरून आठवलं, बंदी उठल्यावर त्यांचा पहिला एकदिवसीय सामना आपल्याशीच झाला होता. नोव्हेंबर १९९१, ईडन गार्डन. क्लाइव्ह राइस कप्तान. अ‍ॅलन डोनाल्डनं पहिल्याच सामन्यात पाच गडी टिपले आणि आमच्या बीडातल्या टीव्हीच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या पब्लिकचे चेहरे पडले. तेंडुलकरनं ६२ काढले म्हणून वाचलो, नाहीतर पाहुणचार महागात पडला होता.

---

तेरणेकाठी

त्याच्याही आधीचं सांगतो, कारण मांजरा_पट्टा यांनी "खेळाडू बकरा" म्हटलंय.

१९७४. डेव्हिस चषक टेनिस. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात. भारतानं सोव्हिएत संघाला पुण्यात हरवून अंतिम फेरी गाठली. समोर कोण? दक्षिण आफ्रिका. भारतानं अंतिम सामना खेळायलाच नकार दिला आणि चषक दक्षिण आफ्रिकेला न खेळता मिळाला. डेव्हिस चषक भारतानं आजवर एकदाही जिंकलेला नाही, हे लक्षात घ्या. तेव्हाचा संघ जिंकू शकला असता असं टेनिस जाणणारे आजही म्हणतात.

आता सांगा, ते बरोबर होतं का चूक? मी धाराशिवच्या वाचनालयात वर्तमानपत्रात हे वाचलं तेव्हा वाईट वाटलं होतं, आणि अभिमानही वाटला होता. दोन्ही एकदम. अजूनही दोन्ही वाटतं.

---

मांजरा_पट्टा

तेरणेकाठी, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथं देशानं ठरवलं, कुणी कोर्टवर घुसलं नाही.

---

अजिंठ्याची_वाट

देशानं ठरवलं म्हणून कुणाला घुसावं लागलं नाही! न्यूझीलंडमध्ये पंतप्रधान मल्डून यांनी हात झटकले. १९७७ मध्ये राष्ट्रकुल देशांनी ग्लेनईगल्सला करार केला होता की वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी खेळाचे संबंध ठेवायला आपापल्या देशात उत्तेजन द्यायचं नाही. त्यावर मल्डून यांची सही होती. दौऱ्याच्या वेळी ते म्हणाले, रग्बी संघटना स्वतंत्र आहे, सरकार तिला सांगणार नाही. संघटना म्हणाली, आम्हाला राजकारणाशी देणंघेणं नाही. दोघांनी चेंडू एकमेकांकडं मागं मागं पास केला. (खामकाठ ताई, नियमात बसतंय ना?)

उलट ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान माल्कम फ्रेझर बघा. त्यांनी स्प्रिंगबॉक्सचं विमान तेल भरायलासुद्धा आपल्या जमिनीवर उतरू दिलं नाही. संघाला अमेरिकेवरून वळसा घालून यावं लागलं. सरकारला अडवता येत होतं, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

---

परभणीची_पोर

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

निवांतकाका, त्या दौऱ्यातले सामने कोणकोणत्या गावांत होते याची यादी मिळेल का? मला एक शंका आहे.

---

नांदेडी_निवांत

जावयानं लगेच काढून दिली. क्रमानं लिहितो: गिझबर्न, हॅमिल्टन (रद्द), न्यू प्लिमथ, पामर्स्टन नॉर्थ, वांगानुई, इनव्हरकारगिल, डनेडिन, ख्राइस्टचर्च, टिमारू (हाही रद्द), नेल्सन, नेपियर, वेलिंग्टन, रोटोरुआ, ऑकलंड, वांगारेई आणि शेवटी पुन्हा ऑकलंड. २२ जुलै ते १२ सप्टेंबर. यातले तीनच कसोटी सामने, म्हणजे देश विरुद्ध देश: ख्राइस्टचर्च, वेलिंग्टन आणि शेवटचा ऑकलंड. बाकी सगळे जिल्ह्या-जिल्ह्याच्या नाहीतर खास निवडलेल्या संघांशी. नेपियरला माओरी संघाशी होता, तो १२-१२ बरोबरीत सुटला.

---

परभणीची_पोर

हीच शंका होती.

आज क्रिकेटचा संघ येतो, दोन-तीन मोठ्या शहरांत खेळतो आणि विमानानं परत जातो. तिकडं मुंबईत काय झालं ते आपण टीव्हीवर बघतो. रग्बीचा जुना दौरा तसा नव्हता. तो गावोगाव फिरायचा. यातली किती तरी गावं आपल्या परभणी-हिंगोलीपेक्षा लहान असतील. संघ आला की गावातला खाटीक, शेतकरी, शाळामास्तर त्यांच्याविरुद्ध मैदानात उतरणार, बाकीचं गाव बघायला जाणार. म्हणजे प्रत्येक गावात प्रत्येक माणसाला ठरवावं लागलं असणार, मी मैदानाच्या आत की बाहेर? राजधानीत एकच सामना झाला असता तर वाद राजधानीत राहिला असता. दौरा होता म्हणून तो निवांतकाकांच्या शेजाऱ्यांच्या घरात घुसला.

हे मला कशावरून सुचलं ते सांगते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. ठराव मुंबईत झाला, जळलं मात्र इथं. विद्यापीठ संभाजीनगरला, पण प्रश्न गावोगावच्या पारावर आला. ज्यांच्या घरातलं कुणी कधी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं, त्यांनाही कुठल्या तरी बाजूला उभं राहावं लागलं. आमचे वडील तेव्हा एका खेड्यात शाळेवर होते. नामांतराच्या बाजूचे. मोर्चाला जाऊन आले तर दुसऱ्या दिवशी ज्याच्याकडं रोज दूध घ्यायचे त्यानं भांडं परत पाठवलं, रिकामं. तोंडानं एक शब्द नाही. १९९४ ला नामविस्तार झाला तोपर्यंत वडिलांची तिथून बदलीही होऊन गेली होती.

मांजरा_पट्टा दादा, "ज्याला जायचं नाही त्यानं जाऊ नये" हे गावात राहून इतकं सोपं नसतं. न जाणं हीसुद्धा बाजू होते.

---

उदगीरवाला

ताई, मस्करी बाजूला ठिवतो. हे खरं लिवलाव.

---

संपादक मंडळ

नामांतराचा उल्लेख विषयाला धरून आहे, तो राहील. त्यावर आलेले दोन प्रतिसाद जातीवाचक होते, ते उडवले आहेत. ज्यांना का उडवले हे कळलं नसेल त्यांनी व्यनि करू नये, स्वतःचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून बघावा.

---

जालना_मोंढा

धागा एकदम वरच्या गियरला गेला.

मला एक सांगा, हे सगळं करून निष्पन्न काय झालं? दौरा तर पूर्ण झालाच ना? सामने दोनच रद्द झाले. व्यापाऱ्याच्या नजरेनं बघतो, खर्च किती आणि पदरात काय?

---

अजिंठ्याची_वाट

रोकडा हिशोब मागताय तर घ्या.

खर्चाच्या बाजूला: दीड लाखाच्या वर लोक रस्त्यावर उतरले, दोनशेहून जास्त मोर्चे झाले, दीड हजाराच्या आसपास लोकांवर खटले भरले गेले. शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात पोलिसांनी दंगलविरोधी पथकं बनवली, लांब लाठ्या हातात दिल्या. निदर्शक मोटारसायकलची हेल्मेटं घालून मोर्चाला यायला लागले. मैदानांभोवती काटेरी तारा. ऑकलंडच्या शेवटच्या कसोटीत तर एक छोटं सेस्ना विमान ईडन पार्कवर इतकं खाली घिरट्या घालत होतं की खेळाडू मान खाली घालत होते. वरून पिठाच्या पुड्या टाकत होते. न्यूझीलंडच्या गॅरी नाइटला एक पुडी लागून तो आडवा झाला. तरी सामना थांबला नाही. अखेरच्या क्षणी ह्यूसननं पेनल्टी मारली आणि न्यूझीलंड २५-२२ नं जिंकलं, मालिका २-१.

राजकीय नफा कुणाला? मल्डून यांना. त्याच नोव्हेंबरात निवडणूक झाली, ९२ पैकी ४७ जागा मिळवून ते काठावर पास झाले. रग्बीवेड्या ग्रामीण मतदारसंघांनी हात दिला असं मानतात.

आता पदरात काय. हॅमिल्टनचा सामना दक्षिण आफ्रिकेत थेट दाखवायची सोय होती. तिथले गोरे प्रेक्षक पहाटे उठून टीव्हीसमोर बसले आणि त्यांना दिसला तो मैदानात उभा राहिलेला निदर्शकांचा घोळका. तोवर त्यांना वाटायचं की जगातलं कुणी नसलं तरी न्यूझीलंड आपलं आहे. तिकडं रॉबेन बेटावर तुरुंगात असलेल्या मंडेलांपर्यंतही ही बातमी पोचली आणि तिनं कैद्यांना किती बळ दिलं हे त्यांनी सुटकेनंतर न्यूझीलंडला गेल्यावर सांगितलं. १९८५ ला न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला जाणार होता, तो दौरा दोन वकिलांनी कोर्टातून रोखला. वर्णभेद जाईपर्यंत मग न्यूझीलंडचा अधिकृत संघ तिकडं गेला नाही. १९८६ ला काही खेळाडू बंड करून गेले, ती गोष्ट वेगळी.

---

दुष्काळी_ढग

आणि स्प्रिंगबॉक्स तिथून निघून अमेरिकेला गेले, तिथली गंमत कुणी सांगितली नाही. निदर्शनांच्या भीतीनं अमेरिकेविरुद्धची कसोटी न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावात गुपचूप उरकली, ठरल्या वेळेच्या आधीच. प्रेक्षक किती? तीसेक! आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर फसला तर याहून जास्त माणसं जमतात.

---

उदगीरवाला

आन् त्यातले धा जण सल्ला देयाला.

---

खामकाठ

आता वादात पडते.

मांजरा_पट्टा, तुम्ही तुमच्याच मुद्द्याला धरून राहिलात म्हणून तुम्हाला न्यूझीलंडचा कप्तान ग्रॅहम मौरी दाखवते. १९८१ मध्ये तो ऑल ब्लॅक्सचा कप्तान होता, पेशानं शेतकरी. त्यानं सांगितलं की दक्षिण आफ्रिकेविरुद्ध मी उपलब्ध नाही. ब्रूस रॉबर्टसन हा दुसरा मोठा खेळाडू, त्यानंही तेच केलं. रग्बी तेव्हा हौशी होतं, पगार नव्हता, देशाची जर्सी हीच कमाई. आणि स्प्रिंगबॉक्सविरुद्ध खेळणं ही त्या जर्सीतली सगळ्यात मोठी गोष्ट. ती त्यानं स्वतःहून सोडली. अँडी डाल्टन कप्तान झाला.

मी मुलींना मौरीची गोष्ट सांगते. पण एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तो शेतकरी होता, जमीन होती, त्याला नाही म्हणणं परवडलं. मला राज्य संघात घेतलं आणि मी नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी मला कोण विचारणार?" मी म्हटलं, कुणीच नाही. खोटं कशाला सांगू?

म्हणून मला सगळा भार खेळाडूवर टाकणं पटत नाही. "खेळाडूनं स्वतः ठरवावं" हे ऐकायला छान आहे. त्याचा अर्थ असा होतो की संघटना, सरकार, प्रायोजक, प्रेक्षक सगळे मोकळे, आणि विशीतल्या पोरानं एकट्यानं किंमत मोजायची. ते साडेतीनशे लोक मैदानात घुसले तेव्हा त्यातला थोडा भार त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला असं मी म्हणेन. बाटल्या त्यांनी खाल्ल्या.

---

मांजरा_पट्टा

खामकाठ ताई, परभणीची पोर, दोघींचे मुद्दे वजनदार आहेत. पण माझा एक प्रश्न कुणीच घेतला नाही, आता नाव घेऊनच विचारतो.

एरॉल टोबायस. स्प्रिंगबॉक्सकडून कसोटी खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच वर्षी, १९८१ मध्ये, आयर्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला आणि मग या दौऱ्यावर न्यूझीलंडला आला. निदर्शकांच्या दृष्टीनं तो दाखवायचा चेहरा. गोऱ्या सरकारच्या दृष्टीनंही कदाचित तेच. पण तो स्वतः? गवंडीकाम करून वर आलेला माणूस, खेळावर जीव. त्याच्या पायात बेड्या कुणी घातल्या आणि वर मैदानाचं दार कुणी लावलं? दोन्ही बाजूंनी त्याचाच खेळ बंद करायचा होता. तुमच्या न्यायाच्या हिशोबात हा माणूस कुठं बसतो?

---

परभणीची_पोर

चांगला प्रश्न आहे. माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

तो कुठंच बसत नाही. त्याच्यावर अन्याय झालाच, तुम्ही म्हणता तसा दोन्हीकडून. पण पहिला अन्याय त्याला इतकी वर्षं बाहेर ठेवण्याचा, आणि तो करणाऱ्यांनीच त्याला ढाल म्हणून पुढं केलं. ढालीवर वार बसला तर दोष वार करणाऱ्याचा किती आणि ढाल धरणाऱ्याचा किती? मी धरणाऱ्याला जास्त देते. शून्य मात्र कुणालाच नाही.

---

तेरणेकाठी

टोबायसला त्या दौऱ्यात एकही कसोटी खेळवली नाही, हे दोघांच्याही माहितीसाठी. तिन्ही वेळा बाहेर बसला. ढाल म्हणून आणला आणि वापरलाही नाही धड.

---

मांजरा_पट्टा

हे तर अजून वाईट. म्हणजे अडवणाऱ्यांनी अडवलं, आणणाऱ्यांनीही अडवलं.

तरी मी मैदानात घुसलो नसतो. तिकीटही काढलं नसतं, एवढं आज लिहितो.

---

जालना_मोंढा

खामकाठ ताई, पुतणीला रविवारी घेऊन येतो. बूट स्टडचेच लागतात की साधे चालतील?

---

खामकाठ

सुरुवातीला साधे चालतील. नखं कापून आणा, कानातलं काढून ठेवा. आणि घरी आधीच सांगा की कपडे मळणार, नाहीतर दुसऱ्या रविवारी पोरगी येत नाही.

---

नांदेडी_निवांत

मंडळी, शेजारच्या आजोबांना टोबायसचं विचारलं. म्हणाले, नाव आठवतं, पण त्या दिवशी हॅमिल्टनच्या संघात तो होता की नव्हता हे सांगता येणार नाही, कारण सामना बघायला मिळालाच कुठं! पुन्हा रागानं लाल झाले. बहिणीला विचारायची माझी हिंमत नाही, ते काम लेकीवर सोपवलंय.